सिस-केच्या क्रिस्टलच्या नोंदी: पिवळं दिसेपर्यंत

५ जून २०२३

आजपासून सिस-के. त्याचे क्रिस्टल वाढवायचे, त्यांवर एक्स-रे टाकायचे आणि त्यातून रेणूतल्या अणूंची मांडणी, म्हणजे रचना, काढायची. ई. कोलाय के-१२चं हे एन्झाइम, कागदोपत्री नाव ओ-ॲसिटिलसेरीन सल्फहायड्रिलेज. बॅक्टेरिया सल्फेट आत घेतात, त्याचं सल्फाइड करतात आणि ते सल्फाइड ओ-ॲसिटिलसेरीनवर बसवून सिस्टीन बनवतात. ही शेवटची पायरी सिस-केची. साल्मोनेलाच्या याच एन्झाइमची रचना १९९८ मध्ये २.२ अँगस्ट्रॉमला (हा आकडा जितका लहान तितकं चित्र बारीक) सुटलेली आहे (पीडीबी या प्रोटीन-रचनांच्या कोशात १ओएएस), त्यामुळे मी काही नवा खंड शोधायला निघालेली नाही. मला बघायचंय ते शेपूट. आधीच्या पायरीचं एन्झाइम सिस-ई, त्याची शेवटची चार अमिनो आम्लं ग्लायसीन-ॲस्पार्टेट-ग्लायसीन-आयसोल्युसीन. हे टोक सिस-केच्या सक्रिय जागेत जाऊन बुचासारखं बसतं. हिमोफिलसच्या सिस-केमध्ये ते २००५ साली दिसलं. मला ते ई. कोलायच्या एन्झाइममध्ये बघायचंय.

मॅडमचा अंदाज तीन महिन्यांचा. वहीच्या पहिल्या पानावर पेनाने लिहून ठेवलाय.

१४ जून

पहिली बॅच. एन-टोकाला (प्रोटीनच्या सुरुवातीला) निकेलला चिकटणारी सहा हिस्टिडीन, मग टीईव्ही या कापणाऱ्या एन्झाइमची जागा, मग आपलं एन्झाइम. ३७ अंशांवर इंड्यूस केलं, म्हणजे पेशींना हे प्रोटीन बनवायला लावलं, चार तास. जेलवर ३५ किलोडाल्टनच्या आसपास जाडजूड पट्टा, त्यामुळे मी खूश. निकेल कॉलमवरून उतरलेलं प्रोटीन मात्र जवळजवळ पाण्यासारखं.

इथे थांबायला हवं होतं. सिस-केमध्ये पीएलपी असतं, म्हणजे ब-६ जीवनसत्त्वाचंच एक रूप. ते एका लायसीनला पक्कं जोडलेलं असतं आणि ४१२ नॅनोमीटरला प्रकाश शोषतं. म्हणून भरलेलं एन्झाइम लिंबाच्या सरबतासारखं पिवळं दिसायला हवं. माझं २८० (एकूण प्रोटीन) आणि ४१२चं (पीएलपी) गुणोत्तर सात आलं. म्हणजे अर्ध्याहून जास्त रेणू रिकामे. मी मनाशी म्हटलं, पातळ आहे म्हणून फिकट दिसतंय, कॉन्सन्ट्रेट केल्यावर दिसेल. नाही दिसलं. आठवडा वाया.

२३ जून

दुसरी बॅच. इंडक्शन २० अंशांवर रात्रभर, आणि पेशी फोडायच्या बफरमध्ये पीएलपी. रंग आला! पण तो कॉलमला न चिकटता खाली वाहून जाणाऱ्या द्रवात. कारण साधं होतं, पण माझी दुपार गेली. माझा बफर ट्रिस होता. ट्रिसच्या रेणूत मोकळा अमाइन असतो, त्याची पीएलपीशी जोडी जमते आणि मिश्रण पिवळं दिसतं. तो रंग माझ्या एन्झाइमचा नव्हताच.

सगळे बफर हेपीस या दुसऱ्या बफरवर आणले. जादा पीएलपी डायलिसिसने काढून टाकायला एक रात्र. तिसऱ्या बॅचला गुणोत्तर साडेतीनच्या खाली, लिटरमागे २५ मिलिग्रॅम. ट्यूब उजेडात धरली तर खरंच पिवळी. लॅबमधले काका म्हणाले, "आता कसं आमरसाचं पाणी वाटतंय." काकांचं म्हणणं गंभीरपणे घ्यावं. यापुढे त्यांची मान हलल्याशिवाय पुढे जायचं नाही.

४ जुलै

टीईव्हीने हिस्टिडीनची शेपटी कापली. जुन्या सवयीने डायलिसिसच्या बफरमध्ये ५ मिलिमोलर डीटीटी घातलं आणि सकाळी तो नमुना तसाच निकेल कॉलमवर चढवला. डीटीटी निकेलला क्षपित करतं हे मला पाठ आहे, परीक्षेत लिहिलंयसुद्धा. पाच मिनिटांत निळसर रेझिन कॉफीच्या रंगाचं. प्रोटीन वाचलं, पण ५ मिलि रेझिन धुऊन, निकेल पुन्हा चढवून पूर्ववत करायला दोन दिवस गेले. आता १ मिलिमोलर बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल, बस.

१२ जुलै

स्क्रीन लावले, म्हणजे क्रिस्टल कशात येतात ते बघायला प्रोटीनचे थेंब वेगवेगळ्या द्रावणांत लावले. १२ मिलिग्रॅम प्रति मिलि, ९६ अटींच्या दोन किट, १८ अंश. हाताने थेंब लावले, कारण रोबोटची रांग तीन आठवड्यांची. ९६ खळ्यांची प्लेट हाताने लावताना ६०व्या खळ्यापाशी मान दुखते आणि ७०व्यापाशी थेंब चुकीच्या खळ्यात पडतो. मी डी-७ आणि डी-८ उलटे केले. लिहून ठेवलंय. नाहीतर काही आठवड्यांनी डी-७ने "अनपेक्षित" म्हणून छळलं असतं.

१९ जुलै

बी-११मध्ये क्रिस्टल!! टोकदार, काचेसारखे, ०.२ मिलिमीटर. सगळी लॅब मायक्रोस्कोपपाशी. मी पेढे आणायला निघाले होते.

काका डोळा लावून म्हणाले, "पण हे पिवळे कुठंयत?"

खरंच, थेंबाचं पाणी पिवळं आणि क्रिस्टल बिनरंगाचे. मिथिलीन ब्लूचा थेंब टाकला, क्रिस्टलने रंग घेतला नाही. प्रोटीनच्या क्रिस्टलमध्ये पाण्याच्या वाटा असतात, त्यातून रंग आत शिरतो. मिठाचा क्रिस्टल भरीव, त्यात काय शिरणार? शेवटी सुईने दाबलं तर टक् आवाज करून फुटला. प्रोटीनचा असता तर मऊ साबणासारखा चुरला असता. कॅल्शियमच्या अटीत माझ्या नमुन्यातून फॉस्फेट गेलं होतं, एवढंच. पेढे आणले नाहीत, पण भजी खाल्ली.

१७ ऑगस्ट

महिनाभर नुसता गाळ. तपकिरी गाळ, पांढरा गाळ, आणि एफ-३मध्ये सुंदर दिसणारं तेल. व्हॅक्यूम ग्रीस नीट न लागलेल्या कव्हरस्लिपखाली (थेंबावरचं काचेचं झाकण) थेंब बिघडतात. दोन प्लेट त्यातच गेल्या. ग्रीस सिरिंजमध्ये भरून, बोटाने न पसरवता एका गोल रेषेत घातलं की हा त्रास थांबतो. मला हे ऑगस्टमध्ये कळलं, तुम्ही जूनमध्येच करा.

आज पीईजी ३३५० (प्रोटीनला द्रावणातून बाहेर ढकलणारं पॉलिमर), ०.२ मोलर लिथियम सल्फेट आणि हेपीस पीएच ७च्या खळ्यात सुया. केसासारख्या बारीक, गुच्छात, आणि पिवळ्या. दाबल्या तर आवाज न करता वाकल्या. डाय टाकायची गरजच वाटली नाही.

३० ऑगस्ट

सुईचा क्रिस्टल लूपमध्ये (उचलायच्या बारीक फासात) धरता येतो, पण त्यातून येणारी माहिती आठ अँगस्ट्रॉमच्या पुढे जात नाही. जाड क्रिस्टल हवेत, म्हणून सीडिंग. म्हणजे सुया चुरून त्याचं बियाणं नव्या थेंबात ओढायचं. त्यासाठी पूर्वापार चालत आलेली वस्तू म्हणजे मांजराची मिशी. कॅन्टीनच्या मागे राहणारी मनी आम्हाला गळून पडलेली मिशी स्वेच्छेने देते (ओढायची नाही, ती चावते). मिशीवर सूक्ष्म खवले असतात, बियाणं त्यात अडकतं. मिशी आधी इथेनॉलने पुसून वाळवली, बियाण्यात बुडवली आणि पाच थेंबांतून एकामागून एक ओढली. पहिल्या थेंबात पुन्हा सुयांचं रान, चौथ्यात मोजके सात क्रिस्टल, पाचव्यात दोन. पाचवा थेंब सोन्याचा. पीईजी २२ वरून १९ टक्क्यांवर आणलं की थेंब आपणहून क्रिस्टल सुरू करत नाही, फक्त बियाण्याभोवतीच वाढ होते. हे टक्के सापडायला चार प्लेट लागल्या.

२५ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीत (१९ तारखेला बसले) वीज गेली. जनरेटर सुरू झाला, पण १८ अंशांचं इनक्युबेटर त्या लाइनवर नव्हतं. किती तास बंद होतं माहीत नाही. मी आले तेव्हा आतला थर्मामीटर २७ दाखवत होता. ११ प्लेटपैकी आठमध्ये क्रिस्टलचे कोपरे विरघळून गोल झालेले, चोखून टाकलेल्या खडीसाखरेसारखे. तीन प्लेट वाचल्या. त्या मी आळसाने थर्माकोलच्या पेटीतच ठेवून पेटीसकट आत सरकवल्या होत्या. आता सगळ्या प्लेट पेटीत. खर्च शून्य.

११ ऑक्टोबर

घरच्या, म्हणजे आमच्याकडच्याच, एक्स-रे यंत्रावर पहिला क्रिस्टल. क्रायोसाठी (क्रिस्टल गोठवताना बर्फ होऊ नये म्हणून) २० टक्के ग्लिसरॉल एकदम दिलं आणि क्रिस्टलला तिरकी भेग गेली. मग ५, १०, १५, २० अशी पायरी, प्रत्येकी अर्धा मिनिट. भेग पडली नाही, पण चित्रात बर्फाची वर्तुळं आली. दमट हवेत लूप उचलून गोनिओमीटरवर (क्रिस्टल फिरवणाऱ्या खुंटीवर) लावेपर्यंत जो श्वास लागतो तोच बर्फ होतो. म्हणजे खरंच माझाच श्वास, मी तोंड जवळ नेऊन बघत होते. मास्क लावला, खोलीचा डीह्युमिडिफायर सकाळपासून चालू ठेवला. २.६ अँगस्ट्रॉम. लिक्विड नायट्रोजनचे आजवरचे ३,४०० रुपये.

१८ ऑक्टोबर

पेप्टाइड आलं, म्हणजे सिस-ईच्या शेपटाच्या त्या चार अमिनो आम्लांचा तुकडा. ५ मिलिग्रॅम, ९,००० रुपये. क्रिस्टलमध्ये घालण्याआधी ते बसतं का ते द्रावणात बघितलं. ४१२ने उत्तेजित केलं की पीएलपी ५०० नॅनोमीटरच्या आसपास चमकतं, आणि हे टोक सक्रिय जागेत बसलं की ती चमक वाढते. वाढली. तासाभराचं काम, पण पुढे डगमगायला लागल्यावर हाच आलेख बघत बसले.

२२ नोव्हेंबर

इंदूर. राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (फार प्रखर एक्स-रे देणारं मोठं यंत्र) पीएक्स-बीएल२१ ही प्रोटीन क्रिस्टलची बीमलाइन आहे, दिवाळीनंतर तिथे वेळ मिळाला. ड्राय शिपर (लिक्विड नायट्रोजनने थंड राहणारा प्रवासी डबा) भरून गाडीने गेलो. हा ॲल्युमिनियमचा बुटका डबा बघून वाटेत ढाब्यावर ड्रायव्हरदादांनी विचारलं, "ताई, हा गाई फळवायचा डबा ना? आमच्या गावात डॉक्टर घेऊन येतात." मी म्हटलं, जवळपास तोच, फक्त आत वळू नाही. लिक्विड नायट्रोजनचा डबा म्हटला की अर्ध्या महाराष्ट्राला तोच आठवतो. तो कसा हाताळायचा (आडवा नको, झाकण घट्ट कोंबायचं नाही) हे दादांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

१४ क्रिस्टल. चार वाटेत लूपमधून पडले, कारण मी टोप्यांवरचे चुंबक न तपासता जुने वापरले. उरलेल्या दहांत दोन चांगले: पेप्टाइड न घातलेला १.९ अँगस्ट्रॉम, पेप्टाइड घातलेला २.०. तो न घातलेला क्रिस्टल मी पहाटे चार वाजता केवळ वेळ उरला म्हणून लावला होता. त्याचा उपयोग पुढे येतोच.

४ डिसेंबर

एक्स-रेची माहिती वाचणाऱ्या एक्सडीएस प्रोग्रॅमने क्रिस्टलची सममिती पी२२२ सांगितली. मी तीच फेझरला (जुन्या रचनेवरून नवी शोधणारा प्रोग्रॅम) दिली, सोबत १ओएएसचं एक एकक, म्हणजे प्रोटीनची एक साखळी, पीएलपी आणि पाणी काढून. उत्तर नाही. दोन दिवस मॉडेलच्या कडा कापत बसले. दोष मॉडेलचा नव्हताच. स्क्रू अक्षांचे (फिरवून सरकवणाऱ्या सममितीचे) सगळे पर्याय तपासून बघ हे फेझरला सांगायचं राहिलं होतं. ती एक खूण केल्यावर वीस मिनिटांत पी२१२१२१, दोन एककं, शंका घ्यायला जागा नाही.

७ डिसेंबर

अर्धा दिवस एका आकड्याने खाल्ला. साल्मोनेलाच्या लेखात पीएलपी धरणारं लायसीन ४१ नंबरचं. माझ्या जनुकाच्या क्रमात ४१वर व्हॅलीन. वाटलं, क्लोनच चुकीचा! जनुकाचा क्रम पुन्हा वाचून घेण्याची चिठ्ठी लिहून झाली होती. मग लक्षात आलं, बॅक्टेरिया सुरुवातीचं मेथिओनीन कापून टाकतो आणि १ओएएसमधली मोजणी त्याच्यानंतर सुरू होते. जनुकात ते ४२. यापुढे माझ्या नोंदीत मेथिओनीन धरूनच आकडे.

११ डिसेंबर

लायसीन ४२ आणि पीएलपी वेगवेगळे ठेवून रिफाइन केले (मॉडेल मोजलेल्या माहितीशी जुळवून घेतलं), तर दोघं एकमेकांना ढकलतात आणि इलेक्ट्रॉनच्या नकाशात मधल्या जागेत हिरवा डोंगर उभा राहतो, म्हणजे तिथे मॉडेलमध्ये नसलेलं काहीतरी आहे. प्रोग्रॅमला ते शेजारी वाटतात, खरं तर तो एकच रेणू आहे. पीडीबीच्या कोशात या जोडगोळीला एलएलपी असं एकच नाव आहे. लायसीन काढून तिथे एलएलपी बसवलं, डोंगर गेला. हे कूट या मॉडेल बसवायच्या प्रोग्रॅममध्ये दहा मिनिटांचं काम, मला शोधायला दीड दिवस.

१८ डिसेंबर

सर्वांत लाजिरवाणी नोंद.

पेप्टाइड घातलेल्या नकाशात सक्रिय जागेच्या तोंडाशी ठळक ठिपका होता, थ्रिओनीन ६९ ते थ्रिओनीन ७३च्या वळणापाशी. शेपटाचं टोक, म्हणजे आयसोल्युसीनचा कार्बॉक्सिल, जिथे बसायला हवं तिथेच. मी आयसोल्युसीन बसवलं, मग ग्लायसीन, मग उरलेली दोन. चित्र काढून ग्रुपवर टाकलं. अंगठे आले.

रिफाइन केल्यावर पेप्टाइडचे बी-फॅक्टर (अणू किती डळमळीत आहेत त्याचा आकडा) ९०च्या वर, बाकी प्रोटीनचे तिशीत. मी पेप्टाइड किती रेणूंत बसलंय तो आकडा कमी केला: ०.७, मग ०.५. मॅडमनी एवढंच विचारलं, "अगं, पेप्टाइड न घातलेल्याचा नकाशा बघितलास का?"

पहाटे चारचा तो क्रिस्टल. उघडला. तोच ठिपका, तिथेच, तेवढाच ठळक. चार टोकांचा गोळा. सल्फेट! माझ्याच थेंबातलं ०.२ मोलर लिथियम सल्फेट त्या जागी बसून राहिलं होतं आणि मी त्यावर आयसोल्युसीनची कहाणी रचली. ग्रुपवर दुरुस्ती टाकली. तिलाही अंगठे आले, त्यातला एक काकांचा.

सल्फरच्या वाटेवरच्या एन्झाइमचा अभ्यास सल्फेटने बुडवला यावर लॅबमध्ये आठवडाभर विनोद चालले.

५ जानेवारी २०२४

सल्फेटऐवजी सोडियम फॉर्मेट घालून क्रिस्टल वाढवायचा प्रयत्न केला. आलेच नाहीत, बियाणं घालूनसुद्धा. मग उलट वाट: सल्फेटमध्येच वाढवायचे आणि मग हलवायचे. क्रिस्टल लूपने उचलून पीईजी २८ टक्के आणि सोडियम ॲसिटेटच्या द्रावणात. पीईजी आधीइतकंच ठेवलं तर विरघळतात, २८ला टिकतात. तीनदा ताजं द्रावण, दहा-दहा मिनिटं, मग ५ मिलिमोलर पेप्टाइडमध्ये चार तास. आठपैकी पाच टिकले.

१९ जानेवारी

घरच्या यंत्रावर २.३. या वेळी आधी काहीही न बसवता नकाशा बघितला. एका एककात गोळ्याऐवजी लांबट आकार, त्यातून फाटा फुटलेला: आयसोल्युसीनची बाजूची साखळी. पेप्टाइड न बसवता रिफाइन केलं, नकाशा पुन्हा काढला, आकार तसाच. आयसोल्युसीन आणि त्याच्या आधीचं ग्लायसीन बसवलं. ॲस्पार्टेट निम्मं दिसतं. पहिलं ग्लायसीन दिसत नाही, म्हणून ते बसवलेलं नाही. दुसऱ्या एककात शेजारच्या रेणूची कड तोंडावर येते, तिथे काहीच नाही. आर ०.१९, आर-फ्री ०.२४ (मॉडेल आणि मोजमाप यांतला फरक, कमी तितका बरा). काकांना दाखवलं. त्यांना स्क्रीनवरच्या निळ्या जाळीत रस नव्हता, लूपमधला क्रिस्टल पिवळा होता का एवढंच विचारलं. होता.

२ फेब्रुवारी

पेप्टाइडऐवजी खरा सब्स्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ, घालून बघितला. ओ-ॲसिटिलसेरीन मिळालं की पीएलपीवर अमिनोॲक्रिलेट तयार होतं, आणि ते ४७० नॅनोमीटरला शोषतं, म्हणजे पिवळा क्रिस्टल नारिंगी व्हायला हवा. आदल्या दिवशी पीएच ७.५चं द्रावण करून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी क्रिस्टल पिवळे ते पिवळेच. ओ-ॲसिटिलसेरीन उदासीन पीएचला टिकत नाही, ॲसिटिल गट ऑक्सिजनवरून नायट्रोजनवर सरकतो. रात्रभरात माझ्याकडे एन-ॲसिटिलसेरीन उरलं होतं. बॅक्टेरियाला तो सल्फरची जनुकं चालू करायचा निरोप असतो, सिस-केला मात्र त्याचा उपयोग नाही.

आज ताजी पूड आम्लधर्मी पाण्यात विरघळवून, वापरायच्या क्षणीच पीएच वर आणला. थेंबात घालून मायक्रोस्कोपला डोळा लावला. अर्ध्या मिनिटात कडेकडून नारिंगी छटा आत सरकू लागली, पिकणाऱ्या आंब्यासारखी. पूर्ण क्रिस्टल नारिंगी झाला, दोन सेकंद तसाच राहिला आणि मधोमध तडकला. सब्स्ट्रेट आला की एन्झाइमचा एक भाग आत मिटतो, माझ्या क्रिस्टलमधल्या मांडणीला ते सोसत नसावं. सहा क्रिस्टल, सहाही तडकले. फोटो आहेत.

लायसीन ४२च्या जागी ॲलनीन घातलं की प्रक्रिया मध्येच अडकते. साल्मोनेलात या प्रकाराने एन्झाइम मिटलेल्या अवस्थेत बघता आलंय, तेव्हा क्रिस्टल पहिल्यापासूनच मिटलेल्या रेणूंचे वाढवायचे. जनुकात हा बदल करायला लागणाऱ्या प्रायमरची (डीएनएच्या तुकड्यांची) ऑर्डर दिली, १,१०० रुपये. सोमवारी येतील. आता आकडा मेथिओनीन धरून आहे ना, ते तीनदा तपासलं.